‘फक्त ५ पेट्या शिल्लक’ असं लिहू नका

आंब्याच्या कलमांना मोहोर आला की आमच्या बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. ‘ऑनलाइन धंद्यात माल नाही, पत्र विकतं’ हे त्याचं शीर्षक. खाली गिऱ्हाइकांना माल विकण्यासाठी पाठवायच्या पत्राचे नियम: पत्र जितकं लांब तितकी विक्री जास्त. माल संपत आल्याचं दाखवा. भाव अगदी शेवटी सांगा. दोषाबद्दल अवाक्षर काढू नका. अभिप्राय नसतील तर स्वतःच लिहा.

२०२० च्या टाळेबंदीत वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवणं बेभरवशाचं झालं, तेव्हापासून देवगडजवळच्या आमच्या बागेची पत्रं मी लिहिते. मुंबई-पुण्यातली घरं ती वाचून पेट्या मागवतात आणि आमचं वर्ष त्यावर चालतं. यंदा हाच मेसेज दोन नव्या बागायतदारांनी ‘असंच लिहू ना?’ म्हणून मला पाठवला. त्यांना दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात दोष लपवण्याच्या नियमापासून करते, कारण त्यानं आम्हाला प्रत्यक्ष फटका बसला आहे. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, ‘एकही फळ खराब निघणार नाही.’ पुण्यातल्या एका बाईंनी पाहुण्यांसमोर पेटी उघडली. रंग सुरेख, देठाशी वास घमघमणारा. तीन आंबे कापले, त्यातल्या दोन फळांत साका. कोयीलगतचा गर पांढरट, भुसभुशीत, चवीला आंबूस. त्यांनी नुसता फोटो पाठवला, खाली एक शब्दही नाही. पैसे लगेच परत केले, पण पुढच्या वर्षी त्यांची ऑर्डर आली नाही.

साका बाहेरून ओळखता येत नाही, हे हापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फळ झाडावर जास्त तयार झालं, त्याला खालून तापलेल्या जमिनीची धग लागली, की प्रमाण वाढतं. वेळेवर काढणी करून तो कमी करता येतो, शून्यावर आणता येत नाही. मग शून्याचं वचन कशाच्या जोरावर द्यायचं? बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘साको निघतलो तर आधीच सांगान टाक, मगे कटकट नको.’’ दुसऱ्या वर्षापासून पत्रात सरळ लिहिते: हापूसमध्ये साका निघू शकतो, निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत मिळतील. ऑर्डरी कमी झाल्या नाहीत. उलट तक्रार करतानाही लोक आधी ‘बाकीचे छान निघाले’ असं लिहायला लागले.

आता तुटवड्याचं. गोदामात शंभर पेट्या असताना ‘फक्त ५ शिल्लक’ लिहिणं हे सरळ खोटं आहे. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातला एक. पण कायद्याची भीती हे माझं मुख्य कारण नाही. आंब्याला खोट्या घाईची गरजच नसते, त्याचा हंगामच मोजक्या आठवड्यांचा. ‘सोमवारी काढणी, बुधवारी पेट्या निघतील, या खेपेत ४० पेट्या’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं कलमांखाली फळांचा सडा पडला, तेव्हा मी लिहिलं, ‘आता उरलंय ते एवढंच.’ लोकांनी विश्वास ठेवला. आधी दोन महिने लांडगा आला रे आला करत बसले असते, तर कोणी ठेवला असता?

भाव शेवटी सांगण्याबद्दल फार लिहावं लागत नाही. आपलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न ‘डझन कितीला?’ हाच विचारतं. वरच लिहा: डझनाचा भाव, एका फळाचं साधारण वजन, घरपोच खर्च धरून की वेगळा. पैसे भरताना अचानक खर्च वाढवणं हाही त्या १३ प्रकारांपैकीच एक आहे.

पत्राच्या लांबीबद्दलच्या नियमात थोडं तथ्य आहे. ही समजूत अमेरिकेतल्या टपालाने माल विकण्याच्या काळातली. एका अमेरिकी अर्थविषयक दैनिकाचं वर्गणीचं पत्र १९७५ पासून पाव शतकाहून जास्त काळ पाठवलं जात होतं. त्यात एकाच कॉलेजातून बाहेर पडलेल्या दोन तरुणांची शांतपणे सांगितलेली गोष्ट होती, आरडाओरडा नव्हता. माझ्या मते ते टिकलं ते त्या गोष्टीमुळे, लांबीमुळे नव्हे. आमच्या नव्या गिऱ्हाइकाला खरंच खूप काही विचारायचं असतं: आंबे कच्चे येतील की पिकलेले, पेंढ्यात किती दिवस ठेवायचे, फ्रिजमध्ये कधी. त्याला लांब पत्र द्या. जुन्याला चार ओळी बास.

स्वतःच अभिप्राय लिहिणं मला सगळ्यात जास्त खुपतं. ते ओळखूही येतं. बनावट अभिप्रायात ‘अप्रतिम चव, उत्तम सेवा’ असतं. खऱ्यात, ‘आजीनं कोय इतकी चोखली की पांढरी केली’ असतं. असं वाक्य घरात बसून सुचत नाही. आलं की परवानगी विचारा आणि जसंच्या तसं छापा, शुद्धलेखनही सुधारू नका.

राहिलं ते शीर्षक: पत्र विकतं. ‘अस्सल देवगड’ हे शब्द तर कर्नाटकचा आंबा विकणाराही लिहितो. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावण्याचा हक्क, मिळालं, ते याच नकलेमुळे गरजेचं होतं. त्या मानांकनाखाली तुमची नोंदणी असेल तर तिचा क्रमांक लिहा, बागेचं गाव लिहा, काढणीची तारीख लिहा. अस्सल, सर्वोत्तम, एक नंबर हे सगळे शब्द खोडा आणि पत्रात काय उरतं ते पाहा.

त्या दोघांनी माझ्या यंदाच्या पत्राचा नमुना मागितला आहे. तो अजून तयार नाही. पहिल्या आढीतली फळं कापून पाहिली की लिहायला बसेन.