दिवस राहिले म्हणून ल्युपसची गोळी बंद करू नका

फॅमिली ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: आमवात किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) असलेल्या बाईने दिवस राहताच सगळ्या गोळ्या बंद कराव्यात, गरोदरपणात हा आजार आपोआप शांत होतो, दुखलं तर साधी पेनकिलर किंवा काढा घ्यावा, आणि औषधं चालू असतील तर बाळाला अंगावर पाजू नये. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण यातलं एकेक वाक्य आईला आणि बाळाला धोक्यात घालू शकतं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात घातक शब्द ‘सगळ्या’ हा आहे. काही औषधं गरोदरपणात खरंच चालत नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट, मायकोफिनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड ही त्यातली. पण ती दिवस राहण्याच्या आधी थांबवावी लागतात. मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी, मायकोफिनोलेट किमान सहा आठवडे आधी. लेफ्लुनोमाइडचा अंश तर शरीरात दोन वर्षांपर्यंत राहू शकतो. मूल हवं असेल तर रक्तातली पातळी तपासून, गरज पडल्यास कोलेस्टिरामाइन देऊन तो काढून टाकतात. म्हणजे या औषधांच्या बाबतीत ‘दिवस राहताच’ हा सल्लाच उशिराचा आहे. यातली गोळी चालू असताना अचानक दिवस राहिले तर ती थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बाळाला दोष येणारच असं मात्र घाबरून ठरवू नका. नीट सोनोग्राफी होऊ द्या.

आता दुसरी बाजू. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणभर चालू ठेवायची असते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमेटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना ल्युपस असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला, ती घेता येत असेल तर, हेच सांगतात. ती बंद केली की आजार उसळण्याचा धोका वाढतो, आणि उसळलेला ल्युपस मूत्रपिंडांवर येऊ शकतो, बीपी चढवतो, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण किंवा गर्भपातही घडवू शकतो. शिवाय ही गोळी शरीरातून अतिशय सावकाश जाते, पातळी निम्म्यावर यायलाच महिना-दीड महिना लागतो. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर बंद केली तरी बाळाचे अवयव घडण्याच्या काळात ती रक्तात असतेच. बंद करून बाळाचं काही वाचत नाही, पुढच्या महिन्यांतलं आईचं संरक्षण तेवढं जातं.

काही मातांच्या रक्तात अँटी-रो (anti-Ro) नावाची प्रतिपिंडं असतात. ती बाळाच्या हृदयाची गती मंदावणारा हार्ट ब्लॉक घडवू शकतात. आधीच्या बाळाला तो झाला असेल तर पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता सुमारे 18 टक्के धरली जाते. अशाच मातांना रोज 400 मिलिग्रॅम हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन केलेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते प्रमाण 7.4 टक्के निघालं. आई जी गोळी घेते, ती इथे बाळाचंच रक्षण करते.

ॲझाथायोप्रिन आणि सल्फासॅलॅझिन (हिच्यासोबत फॉलिक ॲसिड घ्यायचं) हीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीत चालतात. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा बराचसा भाग वारेतलं एक एन्झाइम निष्प्रभ करतं, त्यामुळे बाळापर्यंत फारच थोडं पोचतं. डोस जमेल तेवढा कमी ठेवायचा, पण स्वतःहून एकदम सोडायचा नाही.

‘आजार आपोआप शांत होतो’ हे आमवाताबाबत अर्धंच खरं आहे. साधारण निम्म्या बायकांना आराम पडतो, आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत अनेकींचा आमवात पुन्हा उसळतो, नेमका बाळाला उचलायच्या दिवसांत. ल्युपसमध्ये तर अशा आरामाचा भरवसाच नाही. म्हणून आजार निदान सहा महिने शांत असताना दिवस राहू द्यावेत, असं डॉक्टर सांगतात.

‘साधी पेनकिलर’ म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असेल तर पाचव्या महिन्यापासून ती साधी राहत नाही. विसाव्या आठवड्यानंतर तिने बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. कमी डोसची ॲस्पिरिन वेगळी. ल्युपसमध्ये ती बीपीच्या गुंतागुंती टाळायला मुद्दाम देतात. काढ्याबद्दल एवढंच सांगते: अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांच्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. घटक माहीत नसलेली पुडी गरोदर बाईला देऊ नये.

अंगावर पाजण्याबाबत तर संदेश मातांवर अन्यायच करतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझाथायोप्रिन दुधात अगदी थोडी उतरतात, पाजता येतं. प्रेडनिसोलोन रोज 20 मिलिग्रॅमच्या वर असेल तर गोळीनंतर चार तास थांबून पाजावं. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफिनोलेटवर मात्र पाजू नये. बाळंतीण आधीच दुखण्याने जेरीस आलेली असते. तुझं दूध विषारी आहे, असं खात्री न करता तिला कुणी ऐकवू नये.

बाळाचा खरा प्रश्न, जो या संदेशात नाहीच, तो लसीचा आहे. इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं शेवटच्या महिन्यांत चालू असतील तर ती वारेतून बाळात पोचतात आणि काही महिने टिकतात. आपल्याकडे बाळाला जन्मताच बीसीजी देतात, आणि ती जिवंत जंतूंची लस आहे. गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या एका आईचं बाळ बीसीजीनंतर त्याच जंतूंचा संसर्ग अंगभर पसरून दगावल्याची नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा बाळाची बीसीजी सहसा सहा महिने पुढे ढकलतात. हे बाळंतपणाच्या आधीच बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि फाइलवर ठळक लिहून घ्या, कारण ही लस बहुतेकदा घरी सोडण्यापूर्वीच टोचली जाते.