लस ज्याची त्याची, बेड मात्र सगळ्यांचा

आज लंच टाइमला ऑफिसमधल्या एका सिनिअर गृहस्थांनी त्यांचं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "लस घेणं न घेणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, नाही घेतली तर मीच मरेन ना, तुमचं काय जातंय?" आणि टेबलावरचे सगळे माना डोलावून मोकळे. मीपण गप्प बसले, कारण नंतर त्यांच्याबरोबरच मीटिंग होती. पण तेव्हापासून डोकं सटकलंय. त्यामुळे इथे लिहितेय, लांबण लागणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जा.

मीच मरेन ना म्हणे! अहो पण तुम्ही असे पटकन मरत नाही, तिथेच तर सगळा घोळ आहे. तुम्ही आधी कॅज्युअल्टीत येता, तिथून आयसीयूत जाता, नळ्या लागतात, व्हेंटिलेटर लागतो, आणि मग पंधरा दिवस, महिना तिथेच. डॉक्टर तुम्हाला मरू देत नाहीत, देऊही नये. पण तेवढे दिवस तो बेड तुमचा असतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचा नसतो. हे मला आईच्या ऑपरेशनच्या दिवशी कळलं.

आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. तारीख मिळाली, सगळ्या टेस्ट झाल्या, रात्रीपासून उपाशी ठेवलं, गाऊन घालून बसली होती बिचारी, चष्मा आणि बांगड्या काढून माझ्या पर्समध्ये. आणि सकाळी सर्जन येऊन म्हणाले, आज होणार नाही, आयसीयूत बेड नाहीये. असं ऑपरेशन झालं की पेशंट थेट आयसीयूत जातो, बेड नसेल तर छाती उघडताच येत नाही. मी दारातून आत बघितलं तर कोपऱ्यात एक बेड चक्क रिकामा. मी भांडायलाच गेले. तिथल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "खाट आहे ताई, माणूस नाहीये."

तर आयसीयूचा बेड म्हणजे खाट आणि मशिन नव्हे हो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला चोवीस तास एक नर्स लागते, फार तर दोन पेशंटना मिळून एक. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, रजा धरल्या तर एका बेडमागे चार-पाच ट्रेन्ड नर्स. शिवाय डॉक्टर, फिजिओ, टेक्निशियन. मशिन पैसे टाकले की येतं, आयसीयूची नर्स तयार व्हायला वर्षं जातात. खर्च कशाचा असतो तर या माणसांचा आणि दिवसांचा. पेशंट जितके दिवस पडून, तितका खर्च, सिंपल.

बाहेर वेटिंगमध्ये एक बाई भेटल्या. त्यांचे मिस्टर आत होते, बरेच आठवडे. धनुर्वात. मला वाटायचं हा प्रकार आता फक्त शाळेच्या पुस्तकात उरलाय. बागेत काम करताना पायात काहीतरी घुसलं, इतकं किरकोळ की त्यांनी घरी सांगितलंही नव्हतं. मग जबडा उघडेना, मग पाठ कमानीसारखी वाकायला लागली. त्यांच्या क्युबिकलला जाड पडदे लावलेले, लाइट मंद, बाहेर कागद चिकटवलेला, "आवाज करू नये". कारण ट्रॉली जरी आपटली तरी अख्खं अंग आखडतं. आत जाताना सिस्टर चपलासुद्धा न वाजवता चालायच्या.

या आजाराचं विष एकदा नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, चिकटलं की काढता येत नाही. अँटिटॉक्सिन देतात, पण ते मोकळ्या फिरणाऱ्या विषावरच चालतं. चिकटलेल्यासाठी नसांची नवीन टोकं फुटेपर्यंत थांबायचं, त्याला आठवडे लागतात. तोपर्यंत गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर, स्नायू सैल करणारी औषधं, बीपी वरखाली होतंय ते सांभाळणं, आणि ती एक नर्स. अमेरिकेत ओरेगॉनला २०१७ साली एका सहा वर्षांच्या मुलाला, लस न दिलेल्या, खेळताना कपाळाला लागून हेच झालं. ५७ दिवस हॉस्पिटलात, त्यातले ४७ आयसीयूत, बिल ८ लाख डॉलरच्या वर, एअर अँब्युलन्स वेगळी. एवढं होऊनसुद्धा, हॉस्पिटलात लशीचा पहिला डोस दिल्यावर, घरच्यांनी दुसरा डोस नाकारला, यावर मी काही बोलतच नाही, बीपी माझंच वाढेल.

आणि माझा खरा मुद्दा पुढे आहे. धनुर्वात संसर्गजन्य नाही. तो मातीतून जखमेत जातो, या माणसाकडून त्या माणसाला होत नाही. म्हणजे "मीच मरेन ना" हे एखाद्या आजाराबद्दल कुणाला म्हणायचंच असेल तर ते याच आजाराबद्दल म्हणता येईल, ना शेजाऱ्याला धोका ना ऑफिसला. तरी तो आजार पडद्याआडून येऊन माझ्या आईपर्यंत पोचलाच ना! तिला एक जंतूही न लागता. मग गोवर, फ्लू, कोविड यांचं काय बोलायचं, ते तर पसरतातही आणि सगळे पेशंट एकाच वेळी आणून टाकतात. २०२०-२१ मध्ये जगभर जी ऑपरेशनं पुढे ढकलली गेली ती काय सर्जन सुट्टीवर गेले म्हणून? कॅन्सरच्या गाठी थांबत नाहीत हो लाट ओसरायची वाट बघत.

गंमत म्हणजे आयसीयू ही गोष्टच मुळात पोलिओमुळे जन्माला आलीय. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं येत होती आणि एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात लोहफुप्फुस, म्हणजे पेशंटला आत झोपवून श्वास चालू ठेवणारी लोखंडी पेटी, एकच. पेशंट पटापट जात होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात नळी घालून हाताने पिशवी दाबत तिला श्वास दिला, आणि ती जगली. मग मेडिकलचे जवळपास १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबत बसले. हाताने! पुढच्याच वर्षी इब्सेनने आयसीयू सुरू केलं. आणि १९५५ मध्ये पोलिओची लस आली, आणि ज्या आजारासाठी हा सगळा खटाटोप उभा राहिला तोच आजार बघता बघता देशोदेशीच्या आयसीयूतून गेला. बेड मात्र राहिले, दुसऱ्या पेशंटना मिळाले.

तसंच हिबचं. हा जंतू लहान मुलांना मेंदूज्वर करायचा नाहीतर घशातली झाकणी अशी सुजवायचा की मूल काही तासांत गुदमरायचं. जिथे लस नीट दिली जाते तिथल्या नव्या डॉक्टरांना हा सुजलेला घसा आता बहुतेक पुस्तकातच बघायला मिळतो. कुठल्या आईला माहितीये की तिचं मूल त्या आयसीयूत गेलं नाही? हाच प्रॉब्लेम आहे, न झालेल्या आजाराचं बिल कुणाच्या हातात पडत नाही.

बरं, आता कमेंटमध्ये येणारच आहे म्हणून आधीच सांगते. हो, लस घेतलेलेही ॲडमिट होतात. फ्लूची लस चांगल्या वर्षीही साधारण निम्म्याच केसेस अडवते, मान्य. लशीचे गंभीर साइड इफेक्ट क्वचित होतात आणि ज्याला झाले त्याला क्वचित म्हणून काय दिलासा, तेही मान्य. हॉस्पिटलची बिलं म्हणजे दिवसाढवळ्या लूट असते यावर तर मी तुमच्या पुढे चार घोषणा देईन. आणि एक हुशार मित्र म्हणतो की लशीने आयसीयूचा खर्च कमी होतो हे म्हणणंच फसवं, कारण रिकामा झालेला बेड लगेच दुसरा पेशंट भरतो, एकूण खर्च आहे तिथेच. अरे बाबा, तो दुसरा पेशंट म्हणजेच माझी आई! तेच तर हवंय मला. तेवढ्याच पैशात, तेवढ्याच नर्समध्ये, जिला टाळता येण्यासारखा आजार नव्हता तिला जागा मिळावी.

आईचं काय झालं विचाराल. त्या दिवशी घरी परत. मग पुन्हा तारीख, पुन्हा "बघू". मधल्या काळात तिचे पाय सुजले, उशा रचून बसूनच झोपायला लागली, आणि शेवटी एका रात्री फुप्फुसात पाणी भरून थेट इमर्जन्सीत. जे ऑपरेशन ठरवून, दोनेक दिवस आयसीयू आणि मग वॉर्ड असं होणार होतं, ते घाईत झालं आणि ती आयसीयूत कितीतरी जास्त राहिली. बिल आमचंच फुगलं. आणि त्या जास्तीच्या दिवसांत तिचा बेड कुणाला मिळाला नसेल, कुणाची आई गाऊन घालून उपाशी बसली असेल, ते मला माहीत नाही. आई आता बरी आहे, मलाच ओरडते जास्त मीठ टाकलं की.

त्या बाईंचा मात्र राग येत नाही मला, तेव्हाही आला नाही. त्या काही लसविरोधी वगैरे नव्हत्या. लहानपणीचे डोस झाले असतील, पण दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायचा हे मोठ्या माणसांना सांगतो कोण? मुलांची कार्डं आपण जपून ठेवतो, स्वतःचा शेवटचा डोस कधी झाला विचारलं तर सगळे छताकडे बघतात. राग येतो तो एसीत बसून, सगळं माहीत असून, "तुमचं काय जातंय" विचारणाऱ्यांचा.

डिस्चार्जच्या आधी सिस्टर त्या बाईंना समजावत होत्या की मिस्टरांना धनुर्वाताच्या लशीचे डोस आता पूर्ण करावे लागतील. बाई चक्रावल्या, म्हणाल्या एवढं सगळं होऊन गेलं तरी? तर हो. या विषाची मात्रा इतकी कमी असते की शरीर त्यातून काही शिकत नाही, आजार होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. एवढं व्हेंटिलेटर, एवढ्या रात्री, एवढं बिल, आणि शेवटी तेच इंजेक्शन घ्यायचं होतं.