सह्या वॉर्ड ऑफिसात, फाईल दुसरीकडेच

मुंबईच्या उपनगरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. शेजारी खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट असा टॉवर येणार असेल तर घाबरू नका, असा त्याचा सूर आहे. का, तर महापालिकेला आधी आसपासच्या रहिवाशांच्या हरकती मागवाव्याच लागतात. 30 दिवसांत 500 सह्या वॉर्ड ऑफिसला दिल्या की फाईल अडते. नगरसेवकाच्या एनओसीशिवाय सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, निघत नाही. रहिवासी झोनमध्ये दुकानं-ऑफिसं चालतच नाहीत. आणि पर्यावरण मंजुरीला जनसुनावणी सक्तीची आहे. खाली अर्थातच, जास्तीत जास्त शेअर करा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण यावर विसंबून लोक सह्या गोळा करत बसतात आणि तोवर जिथे बोलायची सोय होती ती मुदत निघून जाते.

आधी हरकतींचं. इमारतीची परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 44 आणि 45 खाली मिळते. अर्ज जमीनमालकाचा किंवा त्याच्या वतीने विकासकाचा, निर्णय महापालिकेचा. शेजाऱ्याला विचारायची पायरी या दोन्ही कलमांत नाही. कलम 47 मधलं अपीलसुद्धा अर्जदारालाच. उलट 60 दिवसांत महापालिकेने काहीच कळवलं नाही, तर नियमात बसणारी परवानगी मिळाली असं धरतात, म्हणजे ही मुदतही अर्जदाराच्याच सोयीची. आपल्या खिडकीसमोर काय उभं राहणार हे ठरताना आपलं म्हणणं ऐकायची सक्ती असायलाच हवी, असं माझं मत आहे. पण मत म्हणजे कायदा नव्हे.

मग ते 30 दिवस आले कुठून? बहुधा विकास आराखड्यातून, म्हणजे शहरात कुठल्या जागेवर काय येणार हे ठरवणाऱ्या नकाशातून. आराखडा नवा होताना, किंवा कलम 37 खाली त्यात किरकोळ फेरबदल होताना, जाहीर सूचना निघते आणि कुणालाही हरकत घेता येते. 2015 मध्ये मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यावर 60 हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. पण तो अख्ख्या शहराचा आराखडा होता. तुमच्या शेजारच्या प्लॉटला हे तेव्हाच लागू, जेव्हा त्याचं आरक्षण किंवा झोन बदलणार असेल. म्हणून आधी डीपी रिमार्क, म्हणजे त्या प्लॉटवर आराखड्यात काय दाखवलंय याचा महापालिकेचा दाखला, काढा. मंडई किंवा दवाखान्याचं आरक्षण असलं, तरी बऱ्याचदा फेरबदल लागतच नाही: ठरलेली जागा बांधून महापालिकेला द्यायची आणि उरलेल्यावर इमारत उभारायची, अशी मुभा नियमांतच आहे. तिथे बघायचं ते एवढंच, की ती मंडई मंजूर नकाशात खरोखर आहे का, आणि तिचं तोंड रस्त्याकडे आहे की मागच्या बोळात.

आता वॉर्ड ऑफिस. नवे नकाशे तिथे पास होत नाहीत. ते काम बिल्डिंग प्रपोझल विभागाचं; वॉर्डातला बिल्डिंग अँड फॅक्टरी विभाग बघतो तो मुख्यतः अनधिकृत बांधकामं. तुमच्या पत्रावर आवकचा शिक्का बसतो, तुम्ही त्याचा फोटो ग्रुपवर टाकता, अंगठ्यांचा पाऊस पडतो, आणि पत्र ज्या फाईलला लागायला हवं तिच्यापर्यंत पोचेलच याचा नेम नसतो. शिवाय 500 सह्या म्हणजे 500 मुद्दे नव्हेत.

मुद्दा सापडतो सवलतींच्या प्रस्तावात, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. दाट वस्तीत नियमाप्रमाणे बाजूची मोकळी जागा सोडणं विकासकाला अनेकदा जमत नाही. मग अडचण दाखवून, प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून, ती कमी सोडायची परवानगी मागतात. 2034 पर्यंतच्या आराखड्याबरोबरच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम 6 खाली आयुक्तांना तसा विशेषाधिकार आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला उजेड जाणार असेल तर तो बहुतेक या कागदावर जातो. माहितीच्या अधिकारात हा प्रस्ताव आणि नकाशे मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. मग बिल्डिंग प्रपोझलच्या कार्यकारी अभियंत्याला लिहा: अमुक बाजूला इतके मीटर हवेत, नकाशात इतकेच आहेत, अडचण कोणती ते दाखवा. एका सहीचं असं पत्र अधिकाऱ्याला नुसतं फाईलला लावून मोकळं होता येत नाही, कारण उद्या कोर्टात तेच वाचलं जाईल.

नगरसेवकाच्या एनओसीबद्दल फार लिहायची गरज नाही. 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. तेवढ्या काळात मुंबईत एकही टॉवर चढला नाही का?

दुकानांचंही तसंच. रहिवासी झोनमध्ये दुकानं, ऑफिसं, हॉटेलं अटींवर चालतात: रस्त्याची रुंदी, मजला, वेगळा प्रवेश. ‘बेकायदा आहे’ असं लिहिलंत की उत्तर एका ओळीत येतं. दुकानाचा माल उतरवणारा टेम्पो उभा कुठे राहणार आणि शाळेच्या बसची वाट अडणार का, असं विचारलंत तर नकाशा उघडावा लागतो.

पर्यावरण मंजुरी 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला लागते, हे खरं. पण 2006 च्या अधिसूचनेने इमारत आणि टाऊनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून सरळ वगळलंय. मंजुरी मिळाल्यावर मात्र हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं, मुदत 30 दिवसांची. उशिराचं पटणारं कारण दिलंत तर फार तर आणखी 60.

मेसेजात जिचं नावही नाही अशी एक जागा आहे, जिथे लोकांना खरोखर विचारतात: झाडं. 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे तोडायच्या झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. कागद पावसात भिजतो, कुणीतरी फाडतो, म्हणून दिसला की लगेच तारखेसह फोटो काढा. झाडाचा क्रमांक, जात आणि ते नकाशात नेमकं कुठे येतं हे लिहून हरकत उद्यान खात्याकडे द्या. झाड प्लॉटच्या कडेला असेल आणि तिथे इमारत नसून फक्त गाड्यांचा रॅम्प येत असेल, तर रॅम्प सरकवता येईल का, हे त्याच पत्रात विचारा.