एसीचा आवाज आला की गॅस भरा? थांबा, आधी आवाज कुठून येतोय ते बघा

उन्हाळा लागला की तोच मेसेज परत फिरायला लागतो, यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला. त्यात म्हटलंय की कारचा एसी आवाज करतोय म्हणजे गॅस संपत आलाय, गॅस दरवर्षी भरायचाच असतो, टकटक ऐकू आली तर कॉम्प्रेसर गेलाच समजा, इंजिनचा बेल्ट किंचाळत असेल तर त्यावर डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे मारा, आणि पैसे वाचवायचे असतील तर कॅन मागवून गॅस घरीच भरा. लोक हे वाचून खरंच पैसे घालवतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गॅसचं. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो. बंद पाइपांतून तोच तो फिरतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो थंड होऊन द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये परत वाफ होताना उष्णता ओढून घेतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो हे खरंय, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे, एखादी ओ-रिंग (पाइपांच्या जोडावरची रबरी रिंग), कॉम्प्रेसरचं सील, नाहीतर दगड लागून फुटलेला कंडेन्सर. लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आता आवाजाचं. गॅस कमी झाला की डॅशबोर्डमधून फुसफुस वाढू शकते, पण तेव्हा गारवाही कमी झालेला असतो. गारवा नेहमीसारखाच आहे आणि फक्त खडखड होतेय, तर गॅसच्या मागे लागू नका. आमच्या शेजारच्या काकूंची गाडी रोज पिंपळाखाली उभी असते, एसी लावला की फरफर आवाज, गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरून पैसे घेतले आणि आवाज तसाच. मी काकूंना इंजिन बंद ठेवून नुसती इग्निशन ऑन करायला सांगितली आणि ब्लोअर एकपासून चारपर्यंत फिरवला, तर स्पीडबरोबर फरफर वाढत गेली. इंजिनच बंद म्हणजे कॉम्प्रेसर फिरतच नव्हता, मग त्याचा आणि गॅसचा संबंध येतोच कुठे? ग्लोव्ह बॉक्स काढला तर केबिन फिल्टर काळाकुट्ट आणि ब्लोअरच्या पंख्यात पिंपळाची वाळलेली पानं. साफ केलं, आवाज गेला. पावसाळ्यात तर उंदीरसुद्धा तिथे घर करतात, मग आवाजाबरोबर वासही येतो.

हीच टेस्ट पुढे न्यायची. इंजिन चालू, एसी बंद, तरी बोनेटखालून घरघर येतेय आणि रेस दिली की वाढतेय, तर बेल्टवरच्या कुठल्यातरी पुलीचं बेअरिंग बघा. कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरत असते, त्यामुळे बेअरिंग तिचंही असू शकतं, आणि अनेकदा तेवढंच बदलून भागतं, अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते. एसी ऑन केल्यावरच जोरात खडखड सुरू होत असेल तर मात्र कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच किंवा कॉम्प्रेसर आतून खराब असू शकतो, तेव्हा एसी बंद ठेवा आणि दाखवून घ्या, कारण तो आतून तुटला तर धातूचा चुरा सगळ्या पाइपांत जातो आणि खर्च कितीतरी वाढतो.

टकटकीचं म्हणाल तर एसी लागताना एक टक्क होणं हे मॅग्नेटिक क्लच चिकटल्याचं, ते नॉर्मल. दर दोन-चार सेकंदांनी होत राहिली तर प्रेशर चेक करून घ्या, गॅस कमी असल्यावर असं होतं. आणि ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत टेंपरेचर बदलल्यावर डॅशबोर्डमधून टकटक आली तर बहुतेक वेळा आतला फ्लॅप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचं प्लास्टिकचं गिअर तुटलेलं असतं. गाडी बंद केल्यावर थोडा वेळ सुरसुर येते तिला घाबरू नका, प्रेशर समान होत असतं.

बेल्टवर तेलकट स्प्रे मारू नका, आवाज तेवढ्यापुरता थांबेल पण बेल्ट घसरायला लागेल. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही असतो. बेल्ट किंचाळतोय म्हणजे तो ढिला किंवा झिजलेला आहे नाहीतर त्याला ताणून धरणारा टेन्शनर गेलाय, ते बदला.

आणि ते कॅन घरी आणूच नका. चुकून हाय प्रेशरच्या बाजूला लावलं तर कॅन फुटू शकतो, गॅस हातावर उडाला तर कातडी गोठते, आणि जास्त भरला तर प्रेशर वाढून गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. किती ग्रॅम लागतो ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बऱ्याच छोट्या गाड्यांत अर्ध्या किलोच्या आतबाहेर. गॅरेजमध्ये आधी लीक टेस्ट, मग पाइपांतली हवा ओढून व्हॅक्युम, मग वजन करून गॅस असाच क्रम करायला लावा आणि किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्या.