जाड सागवान चिरायला ८० दातांचे पाते नको

चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या सुतारांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: कटर मशीनला १० इंची, ८० दातांचे पाते बसवले की उभे-आडवे सगळे काम सफाईने होते, लाकूड जळून काळे पडत असेल तर मोटार लहान आहे, मोठी घ्यावी, आणि पात्यावरचा चिकटा काप चालू असताना आपोआप निघतो, धुण्याची गरज नाही.

पहिला सल्लाच सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. लाकूड आडवे, म्हणजे तंतूंना छेदून, कापताना तंतू सुरीने कापल्यासारखे तुटावे लागतात, म्हणून त्या पात्याचे दात पुष्कळ आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंना तिरपे घासलेले असतात. उभे, म्हणजे तंतूंच्या लांबीने, चिरताना मात्र प्रत्येक दात पटाशीसारखा तंतूंच्या दिशेने लाकूड उचलतो आणि त्यातून भुशाऐवजी लांब धागे निघतात. हे धागे बाहेर पडेपर्यंत दातांमधल्या खाचेतच राहतात. चौकटीसाठी ३ इंच जाडीचे सागवान चिरताना ८० दातांच्या पात्याचे सुमारे १२ दात एकाच वेळी लाकडात असतात, तर २४ दातांच्या पात्याचे तीन-चारच. १२ दातांच्या अरुंद खाचा लगेच भरतात, मग दात कापण्याऐवजी घासू लागतात, आणि त्या घासण्याची उष्णताच लाकूड काळे करते. म्हणून जाड लाकूड चिरायला सपाट माथ्याच्या, पुढे झुकलेल्या २४ ते ३० दातांचे पातेच हवे. त्याचा काप थोडा खरबरीत येतो हे खरे आहे, पण चौकटीच्या लाकडावर पुढे रंधा फिरतोच.

मोटारीबद्दलच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. शेतातले पंप सुरू झाले की गावातला व्होल्टेज उतरतो, आणि इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जवळपास ६० टक्केच जोर उरतो. लांब, बारीक वायरीमुळे तो आणखी कमी होतो. तरीही आधी पाते बदलून पाहावे, कारण चुकीचे पाते मोठ्या मोटारीवरही लाकूड जाळतेच, आणि पात्याचा खर्च मोटारीच्या मानाने फार थोडा आहे.

चिकटा आपोआप निघतो हे तर साफ चूक आहे. उष्णतेने तो उलट पक्का होत जातो. सागवानात नैसर्गिक तेलकटपणा असतो. बारीक भुशासह तो दाताच्या बाजूंना बसतो. कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचा दात पात्याच्या पत्र्यापेक्षा दोन्ही बाजूंना किंचित रुंद ठेवलेला असतो, म्हणूनच पत्रा लाकडाला घासत नाही. चिकट्याने ती फट भरली की धारदार पातेही बोथट झाल्यासारखे वागते. सागवानातल्या सिलिकामुळे धार खरोखरच लवकर जाते, हे वेगळे; पण धार लावायला देण्याआधी पाते धुऊन पाहिले, तर पुष्कळदा तो खर्च वाचतो.

धुण्यासाठी आधी प्लग काढावा. पाते उतरवून कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पंधरा-वीस मिनिटे बुडवावे आणि जुन्या टूथब्रशने दातांच्या बाजू व खाचा घासाव्यात. पटाशीने खरवडू नये, कारण कार्बाइड ठिसूळ असते आणि त्याचा टवका उडतो. लगेच पुसून, पूर्ण वाळवून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. पावसाळ्यात तर हे टाळूच नये.

त्या संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही. आतून ताण असलेले लाकूड चिरताना फट मागून मिटते आणि पाते आवळले जाऊन लाकूड माणसाच्या दिशेने उसळते. चिकटा बसलेले किंवा जास्त दातांचे पाते आधीच लाकडाला घासत असते, आणि लाकूड अडले की माणूस त्यावर अधिक जोर देतो, त्यामुळे हा धोका वाढतो. म्हणून पात्यामागची फाळपट्टी, म्हणजे चिरलेली फट उघडी धरणारी पट्टी, काढून ठेवू नये. लांब फळी चिरताना, यंत्र बंद करून पाते थांबल्यावर, चिरलेल्या भागात पाचर घालावी, आणि काम करणाऱ्याने पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता बाजूला उभे राहावे.