कार्ड माहेरी, बाळ सासरी

परवा शेजारची सून नऊ महिन्यांचं पोरगं कडेवर घेऊन आली. "काकू, याच्या डोसाची तारीख बघा की जरा." लसीचं कार्ड मागितलं तर म्हणते, "ते माहेरी ऱ्हायलंय, गडहिंग्लजला." भावानं फोटो पाठवला. बीसीजी, पोलिओ, दीड महिन्याचे डोस... पुढचे रकाने कोरे.

पोर दोन महिन्यांचं असताना ती सासरी आली. तिकडच्या आशाताईंच्या लेखी बाळ गावातून गेलं, आणि इकडच्या वहीत ते अजून जन्मलेलंच नाही!

लस चुकली म्हटलं की आपण आईबापांचा अडाणीपणा काढतो. मला ते पटत नाही. माझाच मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना शिंकत होता म्हणून एका दवाखान्यातून परत पाठवला. "बरा झाला की आणा." बरा होईतो लसीचा वार गेला, मग जोतिबाची यात्रा, मग नणंदेचं लग्न. दोन महिने सरले. साध्या सर्दीत लस देता येते हे मला फार उशिरा कळलं, आणि मी बी.एस्सी. झालेली बाई.

ताप हे दुसरं कारण. पेंटाव्हॅलंटनंतर (एकाच टोचणीत पाच रोगांवरची लस) बऱ्याच बाळांना ताप येतो, मांडी दुखते. ते आधी कुणी नीट सांगितलं नाही, तर रात्रभर रडणारं नातवंड खांद्यावर घेऊन फिरलेली आजी पुढच्या वेळी "नको बाई ते" म्हणणारच. तिला नावं ठेवून काय उपयोग?

आता ऊसतोडीच्या टोळ्या घ्या. दिवाळीच्या सुमारास बीडकडून येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. पहाटे अंधारात फडावर जायचं, तान्हं तिथंच साडीच्या झोळीत. अंगणवाडीत लसीकरण सकाळी दहाला. ती बाई कोयता टाकून येणार कशी? हंगाम संपला की गाव बदललं, वही बदलली. फडावर जाऊन लस टोचणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात, त्यांना दंडवत. पण गोवरच्या लसीची एक कुपी बऱ्याच बाळांना पुरते, आणि एकदा कालवली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. एका बाळासाठी ती फोडायला हात कचरतोच.

२०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, लेकरं दगावली. गोवर म्हणजे "अंगावर देवी आली, कडुनिंबाचा पाला ठेवा" एवढ्यावर भागत नाही.

असो. बुधवारी त्या सुनेला घेऊन गेले. तिला वाटलेलं सगळं पहिल्यापासून टोचणार. सिस्टर म्हणाल्या, "राहिलंय तिथनं पुढं चालू करायचं." एका मांडीत पेंटाचा दुसरा डोस, दंडावर गोवर-रुबेला, वर अ जीवनसत्त्वाचं औषध. पोरानं अंगणवाडी डोक्यावर घेतली. "ताप आला तर हे थेंब द्या, गाठ आली तर चोळू नका," हे त्यांनी सासूबाईंना फोन लावून सांगितलं. सुनेला नाही, सासूला. हुशार बाई!

भाऊ रविवारी एसटीनं कार्ड घेऊन येतोय. तोवर फोटोवरच्या तारखा नव्या कार्डावर उतरवून घेतल्यात.