आजोबांची १ जून ही तारीख एकदा तपासा

तुमच्या निफाडच्या आजोबांवरचा तुमचा लेख फार मायेनं लिहिलाय. फक्त जन्मतारीख १ जून दिलीय, ती तपासाच. त्या काळी खरी तारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून लावत. त्यापेक्षा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी सरकारी नोंदवही), जास्त भरवशाचं. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. त्यात बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं असतं. म्हणून पणजोबांच्या नावाने शोधा. जुनी नोंद मोडी लिपीत असली तर ती वाचणारा लागेल. आणि नाशिकला रामकुंडावर तुमच्या तीर्थोपाध्यायांकडची, म्हणजे घराण्याचे तीर्थविधी करणाऱ्या पुरोहितांकडची, वही नक्की बघा! मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की नामावळ, म्हणजे घराण्यातल्या नावांची यादी, निघते. आजोबा कधी विधीला आले असतील तर भावंडं, मुलं अशी सगळी नावं तिथे त्यांनी स्वतः सांगितलेली सापडतील.